पुढचं लाकूड

जुन्या बंदुकांची पारख करण्यात बाईंची हयात गेली होती, आणि त्यातला निम्मा वेळ माणसांवर वैतागण्यात. बंदुकीचा काही त्रास नसतो. ती अंगावरचे शिक्के निमूटपणे दाखवते. आणणारे मात्र आजोबांच्या पराक्रमापासून सुरुवात करतात आणि मुद्द्यावर यायला चहा गार होईपर्यंत वेळ घेतात.

मंगळवारी आलेल्या जाडजूड गृहस्थांनी निदान आजोबांना वगळलं. त्यांनी हातातल्या टॉवेलची गुंडाळी सोडली, तर आत नुसत्या नळ्या. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली जुनी जोडनळी, अंगभर नागमोडी नक्षी, वर हयगयीचा गंज. बाईंनी ती दोरीला टांगली आणि लाकडी मोगरीनं हलकेच ठोकली. स्वच्छ नाद घुमला, म्हणजे दोन नळ्यांमधला जोड शाबूत होता. खालचे चाचणीचे शिक्के त्यांनी भिंगातून वाचले, नंबर वहीत उतरवला.

"बाकीची बंदूक कुठाय?"

"ती माझ्या वाट्याला नाही आली. ह्याचे किती येतील ते सांगा."

"नुसत्या नळ्यांचे? अहो, पडदे लावायचेत का ह्यांच्यावर?"

गृहस्थ फुरंगटून निघून गेले.

गुरुवारी एक सडपातळ गृहस्थ चादरीत दस्ता गुंडाळून आले. बाहेरून दिसणारे दोन घोडे, खाली दोन चाप, आणि पुढे नळ्यांच्या जागी काहीच नाही. बाईंनी नंबर पाहिला, वही उघडली आणि कपाळावर हात मारला.

"मंगळवारी आलेले तुमचे कोण?"

"थोरला भाऊ. आम्ही बोलत नाही."

वडील जाऊन आठ महिने झाले होते आणि ह्या शहाण्यांनी घरातल्या पातेल्यांसारखी बंदूकही वाटून घेतली होती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

शनिवारी त्यांनी दोघांना एकाच टेबलाशी बसवलं. नळ्या दस्त्यात चपखल बसल्या, पण बाई बंदूक उघडायला गेल्या, तशा नळ्या सुटून हातात आल्या.

"नळ्यांखालचं पुढचं लाकूड कुठाय? त्याच्यामुळेच तर नळ्या जागेवर राहतात. त्याच्या लोखंडी पट्टीवरही हाच नंबर असणार."

भावांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहिलं.

"ते ताईला दिलं," धाकटा पुटपुटला. "तिलाही काहीतरी द्यायला हवं होतं ना."

"वीतभर तुकडा आहे हो, मॅडम," थोरला म्हणाला. "सुताराकडून नवा करून घेऊ."

"घ्या की! मग किंमत निम्मीसुद्धा राहणार नाही. जुन्या बंदुका घेणारे आधी तिन्ही नंबर जुळवून बघतात."

मग मुकाट्यानं फोन झाला.

बहीण तासाभरात आली. कामावरून तशीच निघाली असावी, गळ्यात ओळखपत्र लटकत होतं. "विकताय?" तिनं दारातूनच विचारलं. रुमालातून तिनं तुकडा काढला. त्याला नुकतंच तेल लावलेलं दिसत होतं. कुणाला न विचारता तिनं नळ्या अडकवल्या, लाकूड दाबून बसवलं आणि बंदूक एकदा उघडून मिटली. नळ्या जागच्या हलल्या नाहीत.

"बाबा साफ करायचे, तेव्हा जोडायचं काम माझं असायचं," ती बाईंना म्हणाली.

बाईंनी तिसरा नंबर पाहिला. जुळला. घोडे मूळ जोडीचे होते, एकाही स्क्रूची खाच बिघडलेली नव्हती, आणि वरचं कारागिराचं नाव खालच्या शिक्क्यांशी पटत होतं. अशी बंदूक वर्षा-दोन वर्षांत एखादी यायची. त्यांनी आकडा लिहिला. थोरल्यानं कागद जवळजवळ हिसकावलाच.

"बाप रे! मग ह्यात नळ्यांचे किती, दस्त्याचे किती नि लाकडाचे किती, ते वेगळं लिहून द्या. तिघांना सारखं कसं चालेल?"

"बरोबर आहे दादाचं," धाकटा म्हणाला. आठ महिन्यांचा अबोला असा झटक्यात संपला.

"लिहा," बाई कडाडल्या. "नळ्या, भंगार. दस्ता, भंगार. लाकूड, जळण. झालं समाधान? आकडा जोडलेल्या बंदुकीचा आहे!"

"मला विकायचीच नाहीये," बहीण म्हणाली. "वाटणीच्या दिवशी मी जीव तोडून सांगत होते, कुणाच्याही घरी ठेवा, पण अख्खी ठेवा. माझ्याकडे वळून तरी बघितलंत?"

तिनं लाकडाखालचा खटका दाबला, लाकूड काढलं आणि ती ते रुमालात गुंडाळायला लागली.

"अगं, एवढ्याशा लाकडावरून अडून बसतेस?" थोरला ओरडला.

"एवढंसंच तर दिलंत, दादा," ती म्हणाली. "अडून बसायला दुसरं काय आहे माझ्याकडे?"