गाडीएवढी जागा

जागा धरणं सरोजला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. नाशिकला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून, नाटकाला शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून, लग्नाच्या पंगतीत सरळ पदर पसरून तिने अर्धं आयुष्य लोकांसाठी जागा धरल्या होत्या. आखातात, दोह्याला आल्यावर ही विद्या वाया जाते की काय असं वाटलं, कारण इथे माणसाला बसायला जागा ढीगभर. नसते ती गाडीला. मग सरोज स्वतःच रुमाल झाली.

पद्धत ठरलेली होती. एकेरी रस्ता, मागे हॉर्नचा गोंगाट, रिकामी जागा दिसेपर्यंत गाडी हमखास चार पावलं पुढे गेलेली. तिचा नवरा विजय म्हणायचा, "उतर!" की सरोज टुणकन उतरायची आणि त्या रिकाम्या जागेत मधोमध जाऊन उभी राहायची, पोस्टाच्या पेटीसारखी. विजय वळसा घालून यायचा. तोवर कुणी कितीही हॉर्न मारो, डोळे वटारो, सरोज हलायची नाही. नुपूर शाळेत होती तेव्हा मागच्या सीटवर खाली घसरून बसायची आणि म्हणायची, "आई, प्लीज, सगळे बघतायत." सरोज म्हणायची, "बघू देत. गाडी डोक्यावर घेऊन फिरू का?"

त्याच नुपूरचं आता पुण्यात डोहाळजेवण होतं. सरोजचं तिकीट पुढच्या आठवड्याचं. डोहाळजेवण, मग बाळंतपण, मग बाळाची मालिश-आंघोळ, म्हणजे काही महिने तरी ती परत येणार नव्हती. विजय इथे एकटा राहणार होता. त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. वाटत होतं ते सरोजला, आणि ते तिने अजून कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं.

सुरुवात झाली होती एका मॉलच्या तळघरात. विजयला गाडी सापडेना. या मजल्यावरून त्या मजल्यावर फिरून सरोजच्या टाचा सुजल्या. शेवटी गाडी निघाली ती लिफ्टच्या अगदी तोंडाशी. "खांब सगळे एकसारखे," विजय चिडून म्हणाला, "या लोकांना डिझाइन कळत नाही." चाळीस वर्षं नकाशांत घालवलेला इंजिनियर म्हणतोय म्हणून सरोजने मान डोलावली. त्या दिवसापासून तळघरात गाडी लावायची म्हटलं की तो अंगावर येई. मग एकदा त्याच्या ऑफिसातला गंधार घरी आला होता, तो जाताना दारात चपला घालता घालता म्हणाला, "काकू, सरांची झोप होत नाही का हल्ली? मीटिंगमध्ये मधेच थांबतात." सरोज म्हणाली, "अरे, ट्रॅफिकने जीव जातो त्यांचा." हे बरं होतं. दोह्यात कशालाही ट्रॅफिक म्हटलं की समोरचा गप्प बसतो. उशीर झाला, ट्रॅफिक. चिडले, ट्रॅफिक. नुपूरला वाढदिवसाचा फोन करायचा राहिला, तोही ट्रॅफिकच्या खात्यावर.

शुक्रवारी संध्याकाळी दोघं केशर आणि खजूर घ्यायला सूक वाकिफच्या जुन्या बाजारात निघाले. शुक्रवारी संध्याकाळी तिकडे जाऊ नये हे दोह्यात पाळण्यातल्या पोरालाही कळतं, पण सुट्टी तेवढीच. मागच्या बाजूच्या ज्या गल्लीत ते नेहमी गाडी लावत, तिच्या एका कडेला नवेकोरे 'नो पार्किंग'चे बोर्ड उभे राहिले होते. त्या कडेच्या सगळ्या गाड्या या कडेला आल्या होत्या आणि या कडेच्या रस्त्याच्या मधोमध फिरत होत्या. पुढे एक रिकव्हरीवाला ट्रक कुणाची तरी पांढरी गाडी पाठीवर घेऊन चालला होता.

"खाली पार्किंग आहे की मोठं," सरोज हळूच म्हणाली.

"तळघरात नाही."

"बरं."

"मी काही म्हातारा झालो नाहीये, सरोज."

"मी कुठे म्हटलं?"

तेवढ्यात एका शिंप्याच्या दुकानासमोरून एक गाडी निघाली. नेहमीसारखे ते चार पावलं पुढे. "उतर, उतर!" विजय ओरडला, आणि त्याच्या आवाजात जुनी खुशी होती. सरोज उतरली. तिने वळून पाहिलं तर त्याने काचेतून अंगठा दाखवला आणि गाडी गर्दीत शिरली.

सरोज जागेत उभी राहिली.

पहिली गाडी आली तिला तिने हाताने नाही म्हटलं. दुसऱ्या गाडीतला माणूस काच खाली करून म्हणाला, "मॅडम, ये जगह गाडी के लिए है, आदमी के लिए नहीं."

"गाडी आ रही है भैया."

"कहाँ से? इंडिया से?"

त्याच्या गाडीतली बायकापोरं हसली. सरोजही हसली. बरोबरच होतं त्याचं.

वळसा कसा असतो ते तिला पाठ होतं. गल्लीतून उजवीकडे, मग तो न संपणारा सिग्नल, मग यू-टर्न, मग परत सिग्नल. शुक्रवार. त्यात बोर्डांमुळे सगळाच गुंता झालेला. वेळ लागणारच. हवेत दमट वाफ होती, ओढणी मानेला चिकटत होती. समोरच्या दुकानातून फुजैल नावाचा शिंपी हैदराबादी वळणात म्हणाला, "आपा, स्टूल दूँ? खडे खडे पाँव रह जाते."

"नको, आतेच हैं."

मशिदीतून मगरिबची, दिवेलागणीची बांग झाली. फुजैल दुकानाचं शटर ओढून नमाजाला गेला. गल्ली क्षणभर ओसरल्यासारखी झाली आणि नमाज झाल्यावर दुप्पट भरली. फुजैल परत आला, तर सरोज तिथेच. या वेळी त्याने विचारलं नाही. स्टूल आणून ठेवलं. सरोज रिकाम्या पार्किंगच्या मधोमध स्टुलावर बसली. नुपूरने पाहिलं असतं तर!

तिने फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना विजय फोन घेत नाही. हल्ली कॅमेरे टिपतात. चांगली सवय आहे. तिने परत लावला. सिग्नलला अडकला असेल. पोलिसांनी रस्ता वळवला असेल. पुढे अपघात, नाही, अपघात नको, पुढे कुणाची गाडी बंद पडली असेल. कारणांचा तिला तोटा नव्हता. एकामागून एक ती काढत गेली, आणि काढता काढता तिच्या लक्षात आलं की ज्या गाड्या मघाशी तिच्यावर हॉर्न मारून पुढे गेल्या होत्या, त्याच वळसा घालून परत येत होत्या. इंडियावाला तर तिसऱ्यांदा आला. या वेळी तो हसला नाही.

"बहनजी, अब तक नहीं आए?"

"ट्रॅफिक है," सरोज म्हणाली.

 तो त्याच ट्रॅफिकमधून आला होता.

मग फोन वाजला. विजय.

"अगं, आहेस कुठे तू?"

"मी कुठे? तुम्ही कुठे आहात?"

"मी खाली उभा आहे केव्हाचा. दार वाजवून आलो, उघडत नाहीस. किल्ली तुझ्याकडे ना." त्याचा आवाज लाडात आल्यासारखा झाला. "आणि ऐक, गंमत सांगतो. आपल्या दारातच जागा मिळाली! अगदी दारात. शुक्रवारी! कधी मिळते का? तू कुठे गेलीयस, पूर्णिमाकडे?"

पूर्णिमा म्हणजे वरच्या मजल्यावरची मैत्रीण. सरोजने फोन कानावरून काढून छातीशी धरला. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या त्यांच्या गल्लीत, त्यांच्या बिल्डिंगसमोर, विजय खुशीत उभा होता. सिग्नल, यू-टर्न, चौक, सगळं बरोबर ओलांडून तो घरी पोचला होता. रस्ता चुकला नव्हता. फक्त ती राहिली होती.

"सरोज? हॅलो?"

"हो, हो. पूर्णिमाकडेच. म्हणजे... बाहेर आलोय आम्ही जरा. तुम्ही गाडीत बसा, एसी लावा. मी येतेच."

तिने स्टूल उचलून फुजैलच्या दारात ठेवलं. इंडियावाल्याला हात केला: या. तो आत शिरला, उतरून काही विचारणार होता, पण त्याच्या बायकोने त्याची बाही ओढली.

टॅक्सीत सरोजला रडू आलं नाही. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती, आणि जन्मात पहिल्यांदा तिला वाटलं, आणखी हळू जावी. घरी पोचल्यावर ती 'पूर्णिमाकडे होते' असं म्हणू शकत होती. मग पुढच्या आठवड्यात विमानात बसू शकत होती. विजय एकटा राहिला असता, डबा मागवला असता, सकाळी गाडी काढून ऑफिसला गेला असता. कुठल्या तरी सिग्नलला त्याला कळलं नसतं की आपण निघालो कुठे होतो. आणि बाजूच्या सीटवर कुणी नसतं.

विजय गाडीतच बसला होता. सरोज बाजूला जाऊन बसली. दार लावलं. तिच्या ओढणीला घामाचे पट्टे पडले होते, चपला धुळीने भरल्या होत्या. विजयने तिच्याकडे पाहिलं, वर पूर्णिमाच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे दिवा लागला होता आणि पूर्णिमा दोरीवरचे कपडे काढत होती. 

"केशर आणायला गेलो होतो आपण," तो म्हणाला.

"हो."

"मी तुला उतरवलं."

सरोजच्या तोंडाशी ट्रॅफिक आलं होतं. तिने ते गिळलं. "हो," ती म्हणाली.

"मग?"

"मग तुम्ही घरी आलात."

विजयने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, जणू गाडी चालली होती. "उन्हात उभी होतीस?"

"ऊन कुठलं आता. त्या शिंप्याने स्टूल दिलं."

"मला खरंच वाटलं गं, मी एकटाच निघालो होतो. अगदी खात्रीने."  खाकरून त्याने घसा साफ केला, परत केला. लग्नापासून या माणसाने सरोजकडे चहासुद्धा मागितला नव्हता. 'चहाची वेळ झाली' एवढंच म्हणायचा. तो म्हणाला, "सरोज, तू जाऊ नकोस."

सरोजच्या डोळ्यांसमोर नुपूर आली, हिरव्या साडीत, पाटावर बसलेली, दाराकडे बघत. सासूबाई चांगल्या आहेत तिच्या. ओटी भरतील. पण दाराकडे बघणाऱ्या मुलीची समजूत सासू घालू शकत नाही.

"नाही जात," ती म्हणाली. "नुपूरला मी सांगते. आणि काय झालंय तेही सांगते. उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

"ऑफिसात कळलं तर इथलं सगळं संपेल."

"संपू दे. किल्ली द्या."

"तुला कुठे चालवता येते?"

"नाही येत. तरी द्या."

दोनदा लायसन्सच्या परीक्षेत नापास झालेल्या बाईच्या हातात विजयने गाडी बंद करून किल्ली ठेवली. एसीचा आवाज थांबला. काचांमधून गल्लीतला उकाडा हळूहळू आत येऊ लागला, तरी कुणी उतरेना. मागून कुणी तरी जागा शोधत आलं, जरा थांबलं, पुढे गेलं.

"सरळ लागलीये ना गं?" विजयने विचारलं. "बघ जरा मागून."

सरोज उतरून मागे गेली. चाकं फुटपाथला समांतर, पुढच्या मागच्या गाड्यांना निघायला बेताची जागा सोडलेली. इतकी नेटकी गाडी त्या गल्लीत दुसऱ्या कुणाची नव्हती. ती तिथेच उभी राहिली, डोळ्यांना ओढणी लावून. मग तिला दिसलं की विजय आरशातून तिच्याकडे पाहतोय, ती काय सांगते त्याची वाट बघत.

"एकदम सरळ," तिने मोठ्याने सांगितलं. "या आता बाहेर."