काळ्या शिळेचा घाम

"ओरबेरबाबा, पाझरा! ओरबेरबाबा, पाझरा!"

चर्चमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. बाहेर बर्फ, आत दोनशे तोंडांची वाफ. मधोमध आमच्या मठाचे संस्थापक संत ओरबेर यांची काळ्या, गुळगुळीत दगडाची कबर आणि तिच्यासमोर गुडघे टेकलेली विधवा हर्सेंद. निर्दोष माणसाने हात ठेवला की शिळेला घाम फुटतो, चोराच्या हाताखाली ती कोरडी राहते, अशी साऱ्या खोऱ्याची खात्री.

वेदीवरचा चांदीचा पेला नाहीसा झाला होता. वेदीची वस्त्रं हर्सेंद धुवायची, म्हणून आळ तिच्यावर. शिळा कोरडी राहिली तर तिचा उजवा हात जाणार आणि ओढ्याकाठचं तिचं कुरण मठाच्या घशात. कुऱ्हाडवाला दाराशी येऊन उभाही होता.

"मी कोण? मी तर धूळ!" मठाचा कोठारी वीरिक हात पसरून गरजला. ही धूळ चांगलीच गलेलठ्ठ होती. "मी काही बोलणार नाही, पाषाण बोलेल! ठेव गं हात!"

तिने हात ठेवला. शिळा कोरडी ठणठणीत.

"बाई, कबूल कर!" कोणीतरी ओरडलं.

"काय कबूल करू? मी घेतलाच नाही रे!"

मी मठाचा वैद्य, बंधू गोझेलिन. तिचा हात वाचवायचा कसा, याचाच मी विचार करत होतो. तेवढ्यात मठाची करडी मांजर गर्दीतून आली, टुणकन कबरीवर चढली आणि अंग मुडपून झोपलीसुद्धा. मी चक्रावलो. ही बया थंडीभर शेगडीच्या खोलीतून हलत नाही. स्वयंपाकघर सोडलं तर मठात विस्तव तेवढ्या एकाच खोलीत. मग आज गारढोण दगडावर हिला सुख कसलं लागलं?

मी पुढे होऊन शिळेला तळवा लावला. कोमट!

"गोझेलिन, मागे हो!" वीरिक किंचाळला.

कबरीच्या पायथ्याशी एक भोक आहे. दुखरा हात, दुखरा पाय लोक त्यातून आत घालतात, संतांच्या जवळ. आज त्यावर पडदा होता.

"पडदा का रे, वीरिक?"

"संतांना विश्रांती नको?"

"इतकी वर्षं विश्रांतीच घेतायत की ते!" मी पडदा फाडला, आत हात घातला आणि चटका बसून ओरडलोच. बाहीने धरून ओढलं, तर निखाऱ्यांनी भरलेलं पितळी घमेलं! शेगडीच्या खोलीतलं.

आमचे वृद्ध मठाधिपती काठी टेकत पुढे आले. "बाळा, हे काय?"

"बाबा, जरा थांबा. हर्सेंद, हात काढू नकोस."

आम्ही थांबलो. कुऱ्हाडवालाही थांबला. शिळा निवत गेली आणि हळूहळू तिच्यावर दव धरलं. मग एक थेंब ओघळला.

"चमत्कार! निर्दोष आहे!" लोक रडायलाच लागले.

माझं डोकंच फिरलं. "कसला डोंबलाचा चमत्कार! खाली बघा, पायाखाली!" कबरीशेजारी आमच्या जुन्या आचाऱ्याला पुरलंय, वर तसलीच काळी फरशी. तीही ओलीचिंब होती. "हा आचारी कधी संत झाला? मेला तेव्हा मठाचं अर्धं लोणी याच्या पोटात होतं! अहो, दगड गार असला की तुमच्याच श्वासाचं पाणी त्यावर बसतं. दगड तापवला की बसत नाही. ज्याला सोडायचं त्याच्यासाठी गार, ज्याला बुडवायचं त्याच्यासाठी गरम!"

हर्सेंद उठली. आपला उजवा हात तिने डाव्या हातात घट्ट धरला होता.

"आणि मांजर आली नसती तर?" तिने विचारलं.

मला तिच्याकडे बघवेना. तिच्याबरोबर बसून जेवलेले, तिच्या हातचं चीज खाल्लेले लोक होते ते. एकानेही तिला साधा प्रश्न विचारला नव्हता, सगळ्यांनी दगडाला विचारलं.

"आता तरी माणसांना विचारा," मी म्हणालो. "डोळे उघडे ठेवून विचारा. प्रार्थना झाली की पेला कुलपात जायचा ना? मग त्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते?"

दोनशे माना वळल्या. वीरिकचा हात कमरेच्या जुडग्यावर गेला होता.