साबणाने न जाणारं पाप

सकाळी साडेअकराच्या सुमारास त्या हॉटेलच्या खालच्या दालनात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. पाहुणे जिन्यावर उभे होते. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं आणि समोरचा चहावाला गिऱ्हाइकं तशीच सोडून आला होता. सगळ्यांच्या नजरा एका टेबलाकडे होत्या. टेबलावर ओलसर, पिवळाधमक, अत्तराने घमघमणारा एक रुमाल अंथरला होता आणि रुमालामागे डोळे मिटून हातवाले बाबा बसले होते.

हातवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चोराचा हात ओळखतात म्हणून सगळे त्यांना हातवाले म्हणत. डोळे उघडून त्यांनी एकवार गर्दीवर नजर फिरवली आणि खर्जातल्या आवाजात सुरुवात केली.

"तोंड खोटं बोलतं. डोळेही खोटं बोलायला शिकतात. हात मात्र खोटं बोलत नाही. चोरी केलेल्या हाताला पाप चिकटतं आणि ते साबणाने जात नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. का, ते मला नंतर कळलं.

मग एकेक जण पुढे झाला. आधी मॅनेजर, मग गल्ल्यावरचा कारकून, मग सामान उचलणारा हमाल, मग पहारेकरी. प्रत्येकाने रुमालावर तळहात दाबला आणि उचलला. रुमाल पिवळाच राहिला. हे चौघे तिथे तासभर बसून होते. पाण्याला हात लावायचा नाही, अशी बाबांची सक्त ताकीद होती. शेवटी मॅनेजरने जिन्याच्या दिशेने हाक मारली, "अगं, आहेस तशी खाली ये. हात पुसत बसू नकोस."

खोल्या झाडणारी बाई पायऱ्या उतरून आली. चाळिशीची, शिडशिडीत, हातात बादली. सकाळपासून ती न्हाणीघरं घासत होती. बादली खाली ठेवून तिने बिचकत रुमालावर हात दाबला. हात उचलला तेव्हा रुमालावर तिचा पंजा उमटला होता, पाचही बोटं, लालभडक.

 दालनात सगळे एकदम बोलू लागले. बाई स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ताईने माझा दंड घट्ट धरला होता.

कारण चोरी आमच्याच खोलीत झाली होती.

आमचे वडील, नाना, त्या गावात भाड्याच्या एका खोलीत एकटेच राहायचे. ते गेल्यावर ती खोली रिकामी करून द्यायला मी आणि ताई आलो होतो. सामान फारसं नव्हतंच. भांडी शेजाऱ्यांना देऊन टाकली, पुस्तकं वाचनालयात पोचवली आणि राहिलेलं एका लहान बॅगेत भरून हॉटेलवर आणलं. त्यात नानांचं घड्याळ होतं, आईच्या सोन्याच्या दोन बांगड्या होत्या आणि नानांचा मोबाइल होता. टाइप करायचा नानांना कंटाळा. ते ताईसाठी मोबाइलमध्ये बोलून ठेवत आणि पाठवायला विसरत. असे तेवीस निरोप त्यात होते. त्यातले तीन ताईने रात्री ऐकले होते. बाकीचे घरी गेल्यावर, रोज एक असं ऐकीन, म्हणाली होती.

सकाळी नऊ वाजता खाली किल्ली देऊन आम्ही घरमालकाकडे शेवटची सही करायला गेलो. दहाला परत आलो तेव्हा दार बंद, कुलूप धड, खिडकीला कडी आणि बॅग गायब.

त्यानंतर अर्धा तास मी जे काही केलं ते भिंतीवर डोकं आपटण्यासारखं होतं. मॅनेजरने मला आधी भिंतीवरची पाटी वाचून दाखवली, 'मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आमची नाही.' कॅमेरा दाखवा म्हटलं तर म्हणे महिनाभर बंद आहे. सकाळी कोण कोण खोली सोडून गेलं, ते नोंदवहीत बघू द्या म्हटलं तर वही मालकांकडे, आणि मालक फोन उचलत नव्हते. खोल्यांच्या किल्ल्या गल्ल्यामागच्या खिळ्यांवर उघड्या लटकत होत्या, कोणीही हात लांबवून उचलाव्यात अशा. ते मी बोट करून दाखवलं, तर त्याने मला थंड पाणी दिलं. पोलिसांना फोन लावायला मोबाइल काढला तेव्हा मात्र तो झटकन उठला. पोलीस आले की तुम्हाला दिवसभर बसवून ठेवतील, संध्याकाळची गाडी चुकेल, वस्तू काही मिळणार नाही, असं त्याने ताईला पटवलं. वर म्हणाला, आमचे हातवाले बाबा अर्ध्या तासात चोर दाखवतात, मागच्या दोन्ही वेळी दाखवला होता. आणि सगळा खर्च हॉटेलचा.

मी चिडलो. पण ताई म्हणाली, "तुझं खरं असेल रे. पण मला तो फोन हवाय. बघू तरी." तिच्या तोंडाकडे पाहून मी मोबाइल खिशात ठेवला. माझी चूक झाली ती तिथेच.

आता रुमालावरचा लाल पंजा बघताना माझं डोकं इतकं तापलं होतं की समोरचं दिसत असूनही कळत नव्हतं. आणि मी नोकरी करतो ती कापडाच्या कारखान्यात, रंग तपासण्याच्या विभागात. कुठला रंग कशाने फिरतो, कशाने उडतो, हे बघण्याचाच मला पगार मिळतो.

बाबा बाईला म्हणाले, "वस्तू कुठे ठेवल्यास तेवढं सांग. कबूल केलंस तर माफी आहे." मॅनेजरने तिला जागच्या जागी कामावरून काढल्याचं जाहीर केलं. बाई रडली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "मी नाही घेतलं, पण हात तर लाल झालाय." तिचा स्वतःवरचाच विश्वास डळमळला होता. ते ऐकून पहिल्यांदा मी तिच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघितलं. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या होत्या आणि नखांच्या कडेला पांढरी भुकटी होती. पायाशी बादली, आणि बादलीत कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी.

मी वाकून रुमाल नाकाशी नेला. अत्तराखाली वास होता, रोज स्वयंपाकघरात येतो तोच. हळदीचा.

बाबा ओरडले की रुमालाला हात लावू नका. मी रुमाल सोडला नाही. मी ताईला म्हटलं, "त्या बादलीत हात बुडव आणि इथे दाब."

ताई घाबरली. खरंच घाबरली. पंचावन्न वर्षांची, शाळेत मुख्याध्यापिका असलेली माझी बहीण, आपल्याच बॅगेच्या चोरीत आपला हात लाल होईल या भीतीने एक पाऊल मागे सरली. मी पुन्हा म्हटलं, "बॅग तुझी आहे ताई. तू नऊपासून माझ्याबरोबर आहेस. दाब."

तिने हात बुडवला, झटकला आणि रुमालाच्या कोऱ्या कोपऱ्यावर दाबला. लाल पंजा उमटला. बाईच्या पंज्याशेजारी, तसाच, अंगठीच्या खुणेसकट.

"म्हणजे माझ्या बहिणीने स्वतःचीच बॅग चोरली," मी गर्दीला म्हटलं. मग मॅनेजरकडे वळलो आणि त्यानेही हात बुडवावा अशी विनंती केली. त्याला गल्ल्यावर काहीतरी महत्त्वाचं काम आठवलं. पण चहावाला पुढे आला आणि त्याने आपणहून हात बुडवला. लाल. मग झेरॉक्सवाला. लाल. मागून कोणीतरी हसलं आणि म्हणालं की आख्खी गल्लीच चोर निघाली.

चहावाल्याकडे चहात पिळायची लिंबं होती. मी एक फोड मागवली आणि बाईच्या लाल पंज्यावर पिळली. रस पडला तिथे लाल रंग मिटून पुन्हा पिवळा झाला. बाबांकडे बघून मी म्हटलं, साबणाने न जाणारं पाप लिंबाने गेलं. मग लोकांना समजावलं. हळदीला साबण, सोडा, चुना यांतलं काहीही लागलं की ती लाल होते आणि आंबट लागलं की परत पिवळी. पाप साबणाने जात नाही हे बाबांनी दोनदा बजावलं ते यासाठीच, साबणाने हा लाल रंग उलट गडदच होतो. रुमाल हळदीच्या पाण्यात भिजवलेला आहे. बाकीच्यांना कोरड्या हातांनी तासभर बसवलं आणि या बाईला पावडरीत घासत असताना उचलून आणलं. हे बाबा चोर ओळखत नाहीत. ते फक्त न्हाणीघर कोण घासतं ते ओळखतात.

"तुमच्या घरी कधी हळदीचा डाग साबणाने धुतला नाहीत?" मी विचारलं.  प्रत्येकाने धुतला होता. प्रत्येकाने तो लाल होताना पाहिला होता. मीसुद्धा.

बाबा रागावले नाहीत, हे मला जास्त झोंबलं. त्यांनी शांतपणे अत्तराची बाटली पिशवीत टाकली, अविश्वासी माणूस समोर असला की विद्या आंधळी होते असं सांगितलं आणि रुमाल मागितला. मी दिला नाही. ते निघाले तेव्हा तिघे-चौघे त्यांच्या मागे गेले. एक म्हातारे गृहस्थ जाता जाता मला म्हणाले की आज चुकलं असेल, मागच्या दोन वेळी मात्र बरोबर निघालं होतं. मी त्यांना विचारलं, मागच्या वेळी चोरीचा माल सापडला होता का? ते म्हणाले, माल नाही सापडला, पण चोर सापडला ना.

मग आम्ही पोलिसांत गेलो. जे दहा वाजता करायचं होतं ते एक वाजता केलं. तिथल्या हवालदाराने आधी नोंदवही मागवली. मालकांकडे असलेली वही गल्ल्याच्या खणातच निघाली. आमच्या शेजारच्या खोलीतला पाहुणा साडेनऊला खोली सोडून गेला होता आणि त्याचं ओळखपत्र कोणी पाहिलंच नव्हतं. ओळखपत्राशिवाय माणसं ठेवून घेणं हा तिथला नेहमीचा धंदा होता. पोलीस नकोत, बाबा हवेत, ते त्यासाठी. ज्याची चोरी झाली त्या पाहुण्याचं समाधान व्हायचं, वही बंद राहायची आणि त्यासाठी एका बाईची नोकरी जायची. कारकुनाने चौकशीत कबूल केलं की त्या पाहुण्याने त्याच्यासमोर खिळ्यावरून किल्ली उचलली होती. कारकुनाला वाटलं, पाहुण्याच्या स्वतःच्याच खोलीची असेल.

पाच आठवड्यांनी जुन्या घड्याळांच्या एका दुकानात नानांचं घड्याळ सापडलं. बांगड्या गेल्या त्या गेल्याच. फोनही मिळाला नाही. दहा वाजताच पोलिसांत गेलो असतो तर तो माणूस कदाचित गावाच्या वेशीवर सापडला असता, असं हवालदार म्हणाला. ताईने ते वाक्य ऐकून मान खाली घातली. वीस निरोप तिने कधीच ऐकले नाहीत. त्यावर आम्ही दोघं अजूनही बोलत नाही.

पण त्या संध्याकाळची गाडी आम्ही मुद्दाम सोडली. पोलीस ठाण्याबाहेर ती बाई आमची वाट बघत उभी होती. तिचं काम टिकलं होतं, निदान तेव्हापुरतं. ती आभार मानायला आली असेल असं आम्हाला वाटलं. ती म्हणाली, "माझ्याआधी दोघी होत्या. त्यांचेही हात लाल झाले होते. मी तिथेच उभी होते. मलाही वाटलं, त्यांनीच घेतलं. त्यातली एक माझ्याच गल्लीत राहते. वर्षभर मी तिच्याशी बोलले नाही."

आम्ही तिघं त्या गल्लीतल्या बाईकडे गेलो. दोन खोल्यांचं घर, दारात सासू बसलेली. ती वर्षभर कपाटाच्या किल्ल्या कमरेला खोचून वावरत होती. सुनेला बाहेर कुठे काम मिळालं नव्हतं आणि घरात कोणी तिच्या हाती पैसे देत नव्हतं. ताईने शाळेत शिकवतात तशी सगळी मांडणी केली. बशीत हळदीचं पाणी, एक जुनी चिंधी, साबणाची वडी. मग तिने सुनेला नव्हे, सासूला हात ओला करून साबण चोळायला सांगितलं.

म्हातारीचा पंजा चिंधीवर लाल उमटला.  मग तिने हात धुतले, पुन्हा साबण लावला आणि पुन्हा दाबून बघितला. कोणी न सांगता पुन्हा तपासून बघणारी त्या दिवसभरात भेटलेली ती पहिलीच. तिने कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि सुनेच्या पुढ्यात ठेवल्या.

सुनेने त्या उचलल्या नाहीत. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हळद आमच्याच डब्यात होती, साबण आमच्याच मोरीत. तेव्हा एकानेही करून का नाही बघितलं?"

 हे लिहितोय ते त्या प्रश्नासाठी. यासाठी मोठं शिक्षण लागत नाही, प्रयोगशाळाही लागत नाही. कोणी चमत्काराने एखाद्याला चोर ठरवत असेल तर टाळ्या वाजवण्याआधी तोच प्रयोग स्वतःच्या हातावर करून बघा आणि करू देत नसतील तर सरळ पोलिसांत जा. पाच मिनिटं लागतात. त्या घरात कोणी ती पाच मिनिटं दिली नाहीत आणि एका बाईचं वर्ष गेलं.