आपण की आम्ही

घड्याळजीची मातृभाषा वेगळी. पण पाच वर्षं दुकानात बसून गिऱ्हाइकांच्या तोंडून त्याने मराठी उचलली होती. काटा तो, किल्ली ती, घड्याळ ते. का, हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. धडधाकट घड्याळ तीनदा दुरुस्तीला आणणाऱ्या एका मुलीशी त्याचं सूत जमलं, तेही याच मराठीत.

घोडं अडलं ते तिच्या वडिलांपाशी. ते व्याकरणाचे मास्तर. त्यांनी निरोप धाडला, रविवारी येऊन शुद्ध मराठीत मागणी घाल. प्रत्येक शब्दाचं कारण विचारीन. एक जरी चुकला, तर पुन्हा सहा महिन्यांनी ये.

घड्याळजीने व्याकरणाचं पुस्तक आणलं आणि त्याची जीभच अडखळायला लागली. ‘किल्ली द्या’ म्हणण्याआधी तो किल्लीचं लिंग तपासू लागला. तोवर गिऱ्हाईक कंटाळून निघून जाई.

रविवारी मास्तर खुर्चीत, मुलगी दाराशी आणि मास्तरांची सहा वर्षांची नात जमिनीवर चित्र रंगवत बसलेली. घड्याळजीने घाम पुसला आणि घोकलेलं वाक्य म्हटलं, “मास्तर, आपण लग्न करणार आहोत.”

मुलीने तोंडावर रुमाल दाबला. मास्तरांच्या भुवया कपाळात गेल्या. ‘आपण’ कशावरून, त्यांनी विचारलं. वडीलधाऱ्यांशी आदराने ‘आपण’ म्हणावं, पान चौदा, असं घड्याळजीने छातीठोकपणे सांगितलं.

नातीने मानही वर केली नाही. “आजोबा, ते तुमच्याशी लग्न करणारेत.”

मग काय म्हणायचं, असं घड्याळजीने विचारल्यावर ती ‘आम्ही’ म्हणाली. कारण मात्र तिला चटकन सांगता येईना. मास्तर सरसावले. वक्ता, श्रोता, श्रोत्याचा समावेश असं बरंच काही झालं. नातीने जांभई दिली.

“आपण म्हणजे तुम्हीपण. आम्ही म्हणजे तुम्ही नाही. एवढंच.”

घड्याळजी चपापला. ‘आम्ही सातला बंद करतो’ हे तो गिऱ्हाइकांना रोज सांगायचा, आणि त्यात एकदाही चुकला नव्हता. त्याने पुस्तक बाजूला ठेवलं.

“आम्ही दोघं लग्न करणार आहोत. तुम्ही फक्त हो म्हणा.”

“नियम कुठला?”

“माहीत नाही. कानाला बरं वाटलं.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

“मला वगळलंस ना नक्की?” ते म्हणाले. “मग माझी काही हरकत नाही.”