हातावर गांधी उठलीच नाही

डॉक्टरीणबाईंनी आईबाबांबरोबर तपासणीला आलेल्या लेकीच्या हातावर दोन थेंब टाकून सुईने टोचलं. एक शेंगदाण्याचा. दुसरा असा, की त्याने कुणाच्याही अंगावर गांधी उठतेच. पंधरा मिनिटं झाली, तरी दोन्ही जागा सपाट.

"बघ! ॲलर्जी-बिलर्जी काही नाही," नवरा बायकोला म्हणाला. "वर्षभर नुसता राईचा पर्वत केलास."

क्षणभर तिलाही हायसं वाटलं. पण डॉक्टरीणबाई हसत नव्हत्या. "दुसरी तरी उठायलाच हवी होती. खाजेची गोळी आठवडाभर बंद होती ना? ती पोटात असली, तर गांधी उठतच नाही."

"हो तर. मी एकही दिली नाही."

"बाबा देतात की रोज," लेक म्हणाली. "आईला सांगायचं नाही म्हणाले."

नवऱ्याने मान खाली घातली. "अगं, एकदा रिपोर्ट चांगला आला की तुझ्या डोक्यातलं खूळ जाईल, म्हणून..."

"आणि त्या रिपोर्टवर विसंबून मी तिला शेंगदाणे भरवले असते! केसाने गळा कापलास रे. तोही पोरीचा."

तिने लेकीची बाही खाली केली. "बाई, पुढची तारीख मलाच सांगा. तोवर आम्ही दोघी माझ्या बहिणीकडे राहू."