उधारी नाही, म्हणून पत नाही

"दिवाळखोरीची नोंद गेली, बाई. दहा वर्षं झाली, नियमाप्रमाणे उडाली," बँकेत गृहकर्ज बघणारा डेंटन म्हणाला आणि संगणकाच्या पडद्याकडे बघत कपाळ चोळू लागला.

ते कपाळ चोळणं वर्डेल प्रुइटच्या ओळखीचं होतं. नवऱ्याच्या डायलिसिसची बिलं डोक्यावर बसली, तेव्हा दिवाळखोरीचा अर्ज भरताना मेम्फिसच्या वकिलानंही असंच कपाळ चोळलं होतं.

"माझा क्रेडिट स्कोअर किती?"

"नाहीये."

"म्हणजे कमी?"

"कमी नाही, नाहीच. सहा महिन्यांत तुमचं उधारीचं एकही खातं हललेलं नाही."

शेजारी बसलेली तिची बहीण ओझेला फिसकन हसली. "हलेल कसं? ईस्टरला हिनं चर्चमध्ये कर्जमुक्तीची शपथ घेऊन सगळ्यांसमोर क्रेडिट कार्ड कात्रीनं कापलं. वर फोन करून खातंही बंद केलं. पास्टर तर रडलेच."

"टाळ्या तूही वाजवल्यास."

"माझं कार्ड पर्समध्ये ठेवून वाजवल्या, बाई."

वर्डेलचं डोकं तापलं. दहा वर्षं स्कूलबस हाकून तिनं भाडं, वीज, पाणी एकदाही चुकवलं नव्हतं. ते कुणी मोजलं नाही. उसनं घेणाऱ्याला नंबर, न घेणाऱ्याला ठेंगा. हे गणित मांडणारे स्वतः कधी भाड्याच्या घरात राहिले नसणार.

आणि ती भाड्यानं राहत होती, ते घर आजच जात होतं. बँकेचा होकार नसेल, तर घरमालकीण मिसेस कोल्ब पाच वाजता ते एका कंपनीला विकायची सही करणार होती.

"एक वाट आहे," डेंटन म्हणाला. "भाड्याच्या, विजेच्या पावत्या मशीनऐवजी माणूस बसून तपासतो. तीन आठवडे लागतात."

वर्डेलनं तिथूनच फोन लावला.

"तीन आठवडे?" मिसेस कोल्ब म्हणाली. "कंपनी रोख देतेय गं."

"थांबायचं काय घ्याल?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग उत्तर आलं, "हजार डॉलर. घर मिळो न मिळो, परत देणार नाही."

"एवढे नाहीत. महिन्याला दोनशे देईन. मी तुमचं देणं लागते, लिहून ठेवा."

"तू? तू तर उधारी सोडलीस ना?"

"सोडली होती, आत्तापर्यंत."

टीव्ही बंद झाला. "बरं. तीन आठवडे. एक दिवस जास्त नाही."

वर्डेलनं फोन ठेवला. ती डेंटनकडे वळली.

"हे देणं तरी तुमच्या मशीनला दिसेल?"

"नाही, बाई."

"मग तो माणूस बसवा," ती उठत म्हणाली. "मी पावत्या घेऊन येते."