क्लॅम्पखाली पाइप नव्हता

सिस्टरची गाडी महिन्याभरात दुसऱ्यांदा गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा सूनबाईच्या कपाळाला आठी पडली. सिस्टर म्हणजे प्रसूतीच्या वॉर्डातली नर्स, जुळ्या मुलींची आई. बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायची सोय ठेवत नसे.

"ताई, तो इंजिनाचा दिवा परत लागला बघा. गाडी उचलतच नाही. सिग्नलला उभी राहिली की अशी थरथरते, की तिलाच ताप भरलाय म्हणावं. आणि आज सकाळपासून ब्रेकपण कडक झालाय, अक्षरशः उभं राहावं लागतं त्याच्यावर. मला तीनला ड्यूटी आहे, तोवर होईल ना?"

"बघते," सूनबाई म्हणाली. ब्रेकचं तिनं ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. आधी दिवा, मग बाकीचं, असा तिचा खाक्या.

सिस्टर पुढच्या खोलीतल्या बाकावर जाऊन फोनमध्ये रमली. सूनबाईनं बॉनेट उघडलं.

गॅरेज सासऱ्यांचं. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. एकुलता एक मुलगा छापखान्यात रमला, त्याला ग्रीसच्या वासानं मळमळायचं. सून मात्र लग्नानंतर वर्षभरातच डबा द्यायला म्हणून आली आणि पाना हातात घेऊन थांबली ती कायमची. बारा वर्षांत दोघांची वाटणी ठरून गेली होती. स्कॅनर, सेन्सर, वायरिंग तिच्याकडे. नळ्या, ब्रेक, चाकं मिस्त्रींकडे. "मशीनला काय विचारायचं ते तू विचार," ते म्हणत, "गाडीला मी विचारतो."

स्कॅनर जोडल्यावर पडद्यावर उमटलं: इनटेक मॅनिफोल्ड, रनर कंट्रोल, झडप उघडीच अडकलेली.

इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळ्यांत, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डात, पातळ झडपा असतात. गाडी हळू चालत असताना त्या मिटायच्या, वेग घेतला की उघडायच्या. त्यांना ओढणारा दांडा व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्याच ओढीवर हलतो. हा कोड दिसला की बरेच मेकॅनिक डोळे झाकून अख्खा मॅनिफोल्ड बदलायला सांगतात. सूनबाईला ते पटायचं नाही. दिवा फक्त झडप हलत नाही एवढंच सांगतो. का हलत नाही, ते आपण शोधायचं.

तिनं ओढ देणारा, काट्याचा हातपंप दांडा हलवणाऱ्या डबीला लावला आणि दोनदा दाबला. दांडा लोण्यासारखा सरकला. काटा मिनिटभर जागचा हलला नाही. म्हणजे झडपा मोकळ्या, डबीही धड. मग डबीकडे ओढ सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह पाहिला. करंट येत होता, टक टक आवाजही बरोबर. राहता राहिली ती ओढ. इंजिन चालू करून तिनं ओढ मोजायचा गेज लावला. काटा अठराच्या पुढे जायला हवा होता, तो नऊवर लटपटत होता.

"कुठंतरी गळतंय," ती स्वतःशीच पुटपुटली. इंजिन बंद करून तिनं गळती शोधायच्या यंत्रानं नळीत धूर सोडला आणि टॉर्च घेऊन वाकली. पहिलं मिनिट काहीच नाही. मग इंजिनाच्या मागून, केबिनच्या पत्र्यालगत, धुराची एक बारीक वेटोळी वर आली.

धूर येत होता ब्रेकच्या बूस्टरच्या जाड नळीच्या जोडातून. या गाडीत झडपांची बारीक नळी तिथूनच फुटते. बूस्टरला ओढ मिळते म्हणून बाईमाणसाच्या पायानंही गाडी थांबते. ओढ गेली की पेडल दगड होतं.

सकाळपासून ब्रेक कडक झालाय.

हात घालून सूनबाईनं तो जोड चाचपला, मग आरसा आत सरकवला. नळी जोडावर धरून ठेवणारा नवा क्लॅम्प होता, चांगला आवळलेला. पण क्लॅम्पखाली पाइप नव्हता. ज्या पाइपवर नळी चढते, त्याचं तोंड नळीत जेमतेम नखभर गेलं होतं आणि क्लॅम्प त्याच्या पुढे, रिकाम्या रबरावर बसला होता. एक हिसका बसला असता तर नळी निखळून खाली आली असती.

असलं काम कुणी केलं? तिनं आरसा जरा वळवला आणि तिचा हात थबकला.

पिवळा ठिपका. काम पुरं झालं की मिस्त्री जोडावर पिवळ्या रंगाचा ठिपका देत, अर्धा क्लॅम्पवर, अर्धा नळीवर. क्लॅम्प पुढेमागे सरकला तर लगेच कळावं म्हणून. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला ती सवय लागली होती. हा ठिपका क्लॅम्पपासून बोटभर लांब, नुसत्या पत्र्यावर पडला होता.

गेल्या महिन्यात ही नळी मिस्त्रींनीच बदलली होती.

ती सरळ उभी राहिली. डोकं बॉनेटला आपटलं, तेही तिला नीट कळलं नाही. शेजारी बेकरीवाल्याची व्हॅन उभी होती. काल मिस्त्रींनी तिची चाकं काढून ब्रेकचे पॅड बदलले होते, तासाभरात माणूस गाडी न्यायला येणार होता. सूनबाई तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. पुढच्या चाकाला पाच नट. चार नटांवर ठिपके बरोबर. पाचवा ठिपका रिमवर. तिनं तो नट दोन बोटांत धरला.

नट फिरला.

ती तशीच फरशीवर बसली. गेले कित्येक महिने मिस्त्री मान तिरकी करून बघायचे. ती गमतीनं म्हणायची, "मामंजी, गाडीवर रुसलात की काय? तिच्याकडे सरळ बघतही नाही." ते हसायचे. तीही हसायची.

मिस्त्री मागच्या टेबलापाशी चहा पीत बसले होते. सूनबाईनं इंजिन चालू केलं आणि गेज त्यांच्या हातात दिला.

"मामंजी, जरा बघा, ओढ किती दाखवतोय?"

त्यांनी मान तिरकी केली, गेज डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "अठरा," ते म्हणाले. "चांगला आहे की."

गेजची नळी सूनबाईच्याच हातात मोकळी लोंबत होती. काटा शून्यावर होता.

तिनं ती मोकळी नळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी बोटांनी तिचं टोक चाचपलं. आधी चेहरा लाल झाला.

"माझी परीक्षा घेतेस? ह्या गॅरेजात? मला?"

"व्हॅनचा एक नट बोटांनी फिरतोय, मामंजी. आणि सिस्टरच्या ब्रेकची नळी रिकाम्या रबरावर आवळलीय."

ते उठले, वाटेतल्या जॅकला अडखळले, व्हॅनपाशी जाऊन चाकावरून हात फिरवत गेले. पाचव्या नटापाशी हात थांबला. सूनबाईनं पाना आणून तो नट पक्का आवळला, तोवर ते तिथंच बसून होते. उठले तेव्हा दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते.

"सहा महिने झाले," ते म्हणाले. "समोर बघितलं की मधोमध डाग दिसतो. कडेकडेनं दिसतं. मला वाटलं, हातांना सगळं पाठ आहे. डोळ्यांवाचून काही अडत नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू पाना काढून घेतला असतास."

हे खरं होतं.

सिस्टरला तिनंच सांगायचं ठरवलं होतं. पण मिस्त्रींनी हात आडवा केला आणि स्वतः पुढच्या खोलीत गेले. उभ्यानंच, एकही शब्द न गाळता, त्यांनी सगळं सांगितलं. सिस्टरनं फोन बाजूला ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ती मधे बोलली नाही.

"काल मी दोघींना घेऊन टेकडी उतरले," अखेर ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "मागच्या सीटवर गाणी म्हणत होत्या. खालच्या वळणाला शाळेची बस उभी होती, मिस्त्रीकाका."

मिस्त्री मान खाली घालून उभे होते.

"ओरडावंसं वाटतंय मला." ती उठली, पाणी प्यायली, परत बसली. मग तिनं विचारलं, "दाराची चौकट सरळ दिसते का तुम्हाला?"

"मधे वाकडी दिसते."

"उद्या सकाळी नऊला आमच्या हॉस्पिटलात, डोळ्यांच्या विभागात यायचं. सबब चालणार नाही. आणि ताई, गाडी तुम्ही स्वतः करायची. मी शेजारी उभी राहून बघणार आहे."

सूनबाईनं नळी नवी टाकली, पाइपवर शेवटच्या कडेपर्यंत चढवली. गेजचा काटा एकोणीसवर जाऊन स्थिर झाला, दांडा ओढला गेला, झडपा मिटल्या, दिवा विझला. सिस्टर गेली, पण नमस्कार न करता.

मग दुकानाचं शटर अर्धं ओढून दोघांनी कामाची वही काढली. सहा महिन्यांत मिस्त्रींच्या हाताखालून चौतीस गाड्या गेल्या होत्या. सूनबाई नंबर वाचून दाखवी आणि मिस्त्री फोन करत. प्रत्येकाला तेच वाक्य: "मी केलेल्या कामात चूक असू शकते. गाडी चालवू नका. आम्ही तिथं येतो." कुणी शिव्या दिल्या, कुणी हसलं, एकानं तर विचारलं, "काका, तब्येत बरी आहे ना?" सातव्या फोननंतर सूनबाईनं हात पुढे केला. तरी रिसीव्हर त्यांनी तिला दिला नाही.

पाच दिवस त्या दोघांनी गल्ल्या पालथ्या घातल्या. चौतिसांपैकी आणखी तीन गाड्यांत चूक निघाली. एका गाडीच्या ब्रेकच्या पाइपाची क्लिप तर नुसती टेकवलेली होती. त्या गाडीत एक आजोबा रोज नातवाला पोहायला नेत होते. सूनबाई गाडीखालून बाहेर आली ती रस्त्याच्या कडेलाच बसली आणि पहिल्यांदा रडली. कुणालाही काही झालं नव्हतं, हे तिनं मनाशी चारदा म्हटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवा डोळा गेल्यात जमा आहे. डावा इंजेक्शनांनी टिकेल, पण बारीक काम बंद.

आठवड्यानं गॅरेज पुन्हा नीट सुरू झालं. ब्रेकचं पहिलं काम आलं, तेव्हा मिस्त्री सूनबाईच्या शेजारी स्टूल टाकून बसले.

"नळी चढवलीस? आता डोळे मिट आणि बोटांनी सांग, किती आत गेलीय?"

"नाही, मामंजी," ती म्हणाली. तिनं टॉर्च लावला. "मी बघून सांगते."

तिला वाटलं, ते दुखावले. मग स्टूल मागे सरकवून त्यांनी तिच्यासाठी उजेडाची वाट मोकळी केली.

"बघ," ते म्हणाले. "नीट बघ."